ठरवलेले बाळंतपण आणि झालेले बाळंतपण

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहते. पहिली प्रसूती नैसर्गिक व्हावी म्हणून मी नियमाने चालले, श्वसनाचे व्यायाम केले आणि वहीच्या एका पानावर सगळे लिहून ठेवले होते : पती जवळ असावेत, बाळ जन्मताच छातीवर द्यावे, पहिला चीक मीच पाजावा. प्रत्यक्षात चौदा तास कळा सोसल्यावर बाळाचे ठोके उतरू लागले, रुग्णवाहिकेने मला मोठ्या इस्पितळात हलवले आणि तातडीने सिझर झाले. मुलगी सहा दिवस काचेच्या पेटीत होती. तिला मी प्रथम पाहिले ते पतींच्या मोबाइलवरच्या फोटोत. आज ती नऊ आठवड्यांची असून तिची प्रकृती उत्तम आहे. तरीही मला रोज रडू येते आणि ती झोपली तरी मला झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, ‘‘आमच्या वेळी सगळ्या घरीच बाळंत होत, तुमचीच अंगे नाजूक.’’ बाकीचे म्हणतात, बाळ सुखरूप आहे ना, मग सकारात्मक राहा. ते कसे राहायचे? पुढचे बाळंतपण तरी नैसर्गिक होईल का?

उत्तर : ‘सकारात्मक राहा’ असे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, परंतु ऐकणाऱ्या बाळंतिणीला त्यातून ‘आता हा विषय पुरे’ एवढेच ऐकू येते. मुलगी सुखरूप असल्याचा आनंद आणि मनात धरलेला प्रसंग हातचा गेल्याचे दुःख एकाच घरात नांदू शकतात. एकाला जागा द्यायची म्हणून दुसऱ्याला दाराबाहेर काढायची गरज नाही.

व्यायाम आणि वहीचे पान यांचा उल्लेख तुम्ही ज्या रीतीने केला आहे, त्यावरून आपलेच काही कमी पडले असे तुम्हाला वाटत असावे. म्हणून त्या दिवशी काय झाले असावे ते सांगते. गर्भातील बाळाचे ठोके साधारणपणे मिनिटाला 110 ते 160 असतात. कळ येते तेव्हा गर्भाशय आवळते आणि वारेकडे (नाळेतून बाळाला पोसणाऱ्या अवयवाकडे) जाणारे रक्त काही क्षण कमी होते. निरोगी बाळ हे सहज सोसते, परंतु नाळ दाबली गेली किंवा वारेतून होणारा पुरवठाच अपुरा असला, तर दोन कळांच्या मधल्या वेळात ते पुरते सावरत नाही आणि ठोके उतरू लागतात. चालण्याने अंगाला बळ येते, श्वसनाने कळा सोसणे सुकर होते. नाळ कुठे दाबली जाईल हे मात्र आईच्या व्यायामावर ठरत नाही. तुमच्या बाबतीत नेमके कारण कोणते होते, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना भेटून विचारा आणि ते घरच्या भाषेत समजावून घ्या. झालेल्या प्रसंगाची सलग हकिगत हाती नसली, की मन रिकाम्या जागा स्वतःच्या दोषाने भरते.

सासूबाईंच्या काळातल्या ज्या बायका घरच्या बाळंतपणात दगावल्या, त्या आज आपली हकिगत सांगायला नाहीत. (हे त्यांना ऐकवू नका; तेवढ्यावरून आणखी एक भांडण कशाला?) 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यात 39.5 टक्के बाळंतपणे सिझरने झाली, देशात 21.5 टक्के. गोव्यातली ती सगळी अटळ होती असे मी म्हणणार नाही, त्याविषयी बोलायलाच हवे. पण ठोके उतरल्यावर तातडीने केलेली शस्त्रक्रिया त्या वादात ओढण्याचे कारण नाही.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या झोपेची. बाळंतपणानंतरचे हळवेपण, उगाच येणारे रडू हे बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. नऊ आठवड्यांनंतरही रोज रडू येत असेल आणि बाळ झोपलेले असताना डोळा लागत नसेल, तर तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा भाग असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. हे दुर्मीळही नाही. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातल्याच मातांचा अभ्यास केला होता. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. डॉक्टर त्यासाठी दहा प्रश्नांची एक सोपी चाचणी घेतात. अंगावर पाजत आहात हे त्यांना सांगा, म्हणजे औषध लागलेच तर ते त्या बेताने निवडतील. रात्री-अपरात्री जीव फारच घुसमटला तर ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असा विचार चाटून गेला, तरी त्याच दिवशी घरच्यांना सांगून इस्पितळ गाठा.

जन्मतःच छातीवर घेता आले नाही म्हणून मायलेकींची गाडी चुकली असे समजू नका. त्या स्पर्शाने बाळाची ऊब टिकते आणि पाजणे लवकर सुरू होते, म्हणून त्याचे महत्त्व आहेच. परंतु माया त्या एका तासात जुळून संपत नाही. आजही न्हाण झाल्यावर तिला उघड्या अंगाने छातीशी घ्या, दोघींवर एक जुने मऊ लुगडे ओढा आणि अर्धा तास कोणालाही खोलीत येऊ देऊ नका.

पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूती होऊ शकते, अनेकींची होते. मात्र गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, सिझरचे कारण पुन्हा उद्भवणारे आहे का आणि दोन बाळंतपणांत निदान दीड ते दोन वर्षांचे अंतर आहे का, यावर ते अवलंबून राहील. आडवा छेद असल्यास जुना व्रण कळांमध्ये उसवण्याचा धोका शंभरात एकाहून कमी असतो, तरीही अशी प्रसूती रात्रीदेखील शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळातच व्हावी. छेदाची नोंद शस्त्रक्रियेच्या टिपणात असते. डिस्चार्जच्या कागदावर ती नसेल तर मागून घ्या.

मुलीची दहाव्या आठवड्याची लस आता आठवड्याभरात येईल. त्या दिवशी पतींना सोबत न्या, हे कागद पिशवीत घाला आणि लस टोचून झाली की मुलीला त्यांच्याकडे देऊन डॉक्टरांकडे स्वतःसाठी दहा मिनिटे मागा. आज आई बोलणार आहे, बाळ नव्हे, असे सुरुवातीलाच सांगा.