कपाटाची किल्ली

प्रश्न: 22 वर्षं मी आमच्या चर्चच्या मंडळीत मुलांचं संडे स्कूल घेतलं. जूनमध्ये कमिटीने ते एका तरुण मुलीकडे दिलं. सत्कार सोडा, उपासनेत दोन शब्दही कोणी बोललं नाही. आता रविवारी गेटवर बायका ‘काय झालं हो?’ विचारतात तेव्हा रडू येतं. माणसांची नको, देवाची मर्जी राखावी, हे बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातलं वचन रोज वाचते, पण मन थाऱ्यावर येत नाही. संडे स्कूलच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहिलीय, त्या मुलीचे दोन फोन येऊन गेले, पण घ्यावेसे वाटले नाहीत. फक्त देवाच्या नजरेत राहून जगायला कसं शिकू?
– एक बहीण, सदर, नागपूर

उत्तर: ताई, कमिटीचं चुकलं. 22 वर्षं राबलेल्या बाईला एक शाल आणि दोन बरे शब्द देता येत नाहीत, तर काय म्हणावं! हे झालं. आता किल्लीचं बोलू.

नोव्हेंबर उजाडला. त्या कपाटात काय असणार ते मी न बघता सांगते: चित्रांचे तक्ते, रंगीत खडूंचे डबे, गाण्यांच्या वह्या आणि नाताळच्या नाटकाचं सामान. मेंढपाळांचे फेटे, देवदूतांचे पुठ्ठ्याचे पंख, पूर्वेकडून आलेल्या मागी म्हणजे ज्ञानी लोकांचे चमकी लावलेले मुकुट. ती पोरगी जूनपासून बंद कपाटासमोर उभी राहून पोट्ट्यांना नुसत्या तोंडी गोष्टी सांगतेय. किल्ली इतके महिने पर्समध्ये आपोआप राहत नाही. कोणीतरी दारी यावं, ‘तुमच्याशिवाय अडलं हो’ म्हणावं, याची तुम्ही वाट बघताय. त्यात पाप शोधायला मी बसलेली नाही, माणसाला असं वाटतंच. पण मग देवाकडे रोज काय मागताय?

वचनाचंही बघा जरा. प्रेषित पौलाने गलतीकरांना ते लिहिलं तेव्हा कोणी त्याचं काम काढून घेतलं नव्हतं. सुंता केल्याशिवाय चालणार नाही म्हणणारे तिथे घुसले होते आणि तो सुवार्तेसाठी भांडत होता. तुमच्या दुखण्याचं पान वेगळं आहे: फिलिप्पैकरांस पत्र, पहिला अध्याय, ओव्या 15 ते 18. पौल स्वतः तुरुंगात, बाहेर काहीजण त्याच्यावर जळून उपदेश करत फिरताहेत, आणि हा म्हणतो, ख्रिस्ताची घोषणा होतेय ना, मग मला आनंदच आहे. ती मुलगी तर तुमच्यावर जळतही नाही. बिचारी किल्ली मागतेय.

आणि आपण तर नागपूरकर. 1970 साली याच शहरात सहा मंडळ्यांनी आपापली जुनी नावं खाली ठेवली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. तेव्हा किती जणांच्या हातून किती किल्ल्या सुटल्या असतील!

तर या शनिवारी संध्याकाळी त्या मुलीच्या घरी जा. रविवारी नको. गेटवरच्या बायका बघतील, ‘किती मोठं मन’ म्हणतील, आणि तुम्हाला तेच गोड लागेल. फोन घेतले नाहीत याची माफी एका वाक्यात मागा. 22 वर्षांचा विषय काढू नका, कमिटीचा तर नकोच नको. चहा दिला तर प्या. जुन्या कपाटाचं दार कुठेतरी अडतंच, तुमचं कसं उघडतं तेवढं तिला समजावून सांगा. आणि घरी येऊन महिला मंडळाच्या ग्रुपवर काही टाकू नका.