आतषबाजी पहिल्यांदाच बघायला जाताय? आधी वारा बघा

नवखे लोक सगळ्यात पुढची जागा धरायला धावतात. तिथे मान अवघडते आणि धूरही खावा लागतो. मोठे गोळे दीड-दोनशे मीटर उंचीवर फुटतात, त्यामुळे ४००-५०० मीटरवरून सगळं आकाश नजरेत मावतं.

जागा ठरवताना वारा तुमच्या पाठीकडून आतषबाजीच्या दिशेने वाहतोय ना, एवढं नक्की बघा. उलटा असेल तर धूर तुमच्याकडे येतो आणि शेवटची, सगळ्यात देखणी मिनिटं धुरातच जातात. वारा अगदीच पडला असेल तर धूर जागीच साचतो, मग सुरुवातीची मिनिटं अजिबात चुकवू नका.

- तास-दीड तास आधी पोहोचा. समोर झाड किंवा दिव्याचा खांब नको.
- परतीचा रस्ता उजेडातच बघून ठेवा.
- लहान मुलांना कान झाकणारे मफ हवेतच, कापूस पुरत नाही.
- मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा.

घरून बघणार असाल तर खोलीतले दिवे मालवा, नाहीतर काचेत खोलीच दिसते. आवाज उशिरा येईल, दर किलोमीटरला साधारण ३ सेकंद. कुत्रा-मांजर आतल्या खोलीत ठेवा. कॅमेरा, ट्रायपॉड पुढच्या वेळी. पहिल्यांदा डोळ्यांनीच बघा.