बायबलमधलं गिबोन हे शहर आज नेमकं कुठे आहे, आणि ते कशावरून ठरवलं?

जेरुसलेमच्या वायव्येला साधारण 9-10 किलोमीटरवर अल-जिब नावाचं पॅलेस्टिनी गाव आहे, तेच गिबोन. 1838 मध्ये अमेरिकन बायबल-अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन यांनी नावातलं साम्य आणि भूगोल पाहून हे सुचवलं होतं. पण नुसत्या नावावर विसंबणं धोक्याचं, आणि काही अभ्यासकांना शंका होतीच.

खरा पुरावा 1956 पासून अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जेम्स प्रिचर्ड यांनी केलेल्या उत्खननात मिळाला. खडकात कोरलेला प्रचंड गोल हौद, आत वळत उतरणाऱ्या 79 पायऱ्या आणि त्याच्या भरावात फुटक्या रांजणांचे कान. त्यांवर जुन्या हिब्रू लिपीत ‘गिबोन’ कोरलेलं, कुठे सोबत हनन्याहूसारखी माणसांची नावंही!

रांजण बाहेरगावाहूनही आले असतील, असं कोणी म्हणेल. पण एकाच जागी एवढे कान, शिवाय द्राक्षारस साठवायची खडकातली 63 तळघरं आणि रांजण भरायचं नरसाळंही तिथेच सापडलं. म्हणजे माल भरला जात होता तो इथेच. मला हा मुद्दा सगळ्यात भक्कम वाटतो.

बायबलच्या ‘2 शमुवेल’ या पुस्तकातल्या दुसऱ्या अध्यायातलं ‘गिबोनचं तळं’ म्हणजे हाच हौद, हे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही.