युनियन केल्यावर ओळी कुठे गेल्या?

प्रश्न : चालू आणि जुन्या ऑर्डरींची दोन टेबलं आहेत. दोन्हींतून तारीख आणि रक्कम काढून एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आज्ञा) 'युनियन'ने जोडल्या. एकीत 4,200 ओळी, दुसरीत 3,100; एकत्र मात्र 7,300 भरत नाहीत. असं का?

उत्तर : 'युनियन' हुबेहूब सारख्या ओळींपैकी एकच ठेवतं. एकाच दिवशी 500 च्या दोन ऑर्डरी असतील, तर त्याच्या लेखी ती एकच ओळ. मग त्या एकाच टेबलातल्या का असेनात! 'युनियन ऑल' वापरा. ते काहीच गाळत नाही आणि सारख्या ओळी शोधण्याचे कष्ट वाचल्याने सहसा वेगवानही असतं. फक्त एक तपासा : जुन्या टेबलात हलवलेली ऑर्डर चालू टेबलातून पुसायची राहिली असेल, तर ती दोनदा मोजली जाईल. आधी ऑर्डर क्रमांकावर दोन्ही टेबलांचा 'जॉइन' करून, म्हणजे सारख्या क्रमांकाच्या ओळींची जोडी लावून पाहा. एकही ओळ येता कामा नये.

खरी फसगत कॉलमच्या क्रमात होते. जुळणी नावाने नाही, जागेने होते. वर 'रक्कम, कर' आणि खाली 'कर, रक्कम' लिहिलंत, तर दोन्ही आकडेच असल्याने एरर येणार नाही, हिशेब मात्र चुकेल. म्हणून इथे 'सिलेक्ट स्टार' (नावं न लिहिता सगळे कॉलम मागवणं) नकोच. एखादा कॉलम एका टेबलात नसेल तर त्या जागी 'नल' (म्हणजे रिकामी जागा) लिहा. प्रत्येक क्वेरीत 'चालू' किंवा 'जुनी' असा ठरावीक मजकूर जादा कॉलम म्हणून दिलात, तर ओळ कुठून आली तेही कळेल.

ओळी क्रमाने लावणारं 'ऑर्डर बाय' एकदाच, अगदी शेवटी.