‘लाओदा’ कुणाला म्हणायचं?

प्रश्न : चिनी मालिकांत घरातल्या मोठ्या मुलालाही ‘लाओदा’ म्हणतात आणि गुंडांच्या म्होरक्यालाही. माझ्या मुलाच्या ऑफिसातले चिनी सहकारी टीमच्या प्रमुखाला हेच म्हणतात. त्यानेही म्हटलं तर चालेल का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : टीममधले सगळे म्हणत असतील तर खुशाल म्हणावं; नव्या माणसाने स्वतःहून सुरुवात मात्र करू नये. ‘लाओदा’त ‘मी तुमचा माणूस’ असा सूर असतो, ओळख जुनी नसेल तर ती खुशामत वाटते. ग्राहकासमोर किंवा ई-मेलमध्ये तर नकोच. तिथे आडनाव आणि पद : ‘वांग जिंगली’, म्हणजे मॅनेजर वांग.

मुळात हा शब्द क्रम सांगतो. ‘लाओ’चा एरवीचा अर्थ म्हातारा, पण इथे तो नुसता उपसर्ग आहे, वाघाला ‘लाओहू’ म्हणतात त्यातही तोच. ‘दा’ म्हणजे मोठा. त्यामुळे पाच वर्षांचं पोरही लाओदा असतं, मुलगीसुद्धा. पुढे आकडे लागतात : लाओ-अर (दुसरा), लाओसान (तिसरा). ‘यी’ म्हणजे एक, पण पहिल्याला मात्र ‘लाओयी’ कधीच म्हणत नाहीत.

आपण ‘आमचा थोरला’ म्हणतो, पण धाकटी भावंडं त्याला हाक ‘दादा’ अशीच मारतात. चिनी घरातही आई शेजारणीला ‘वोमन ज्या लाओदा’ (आमच्या घरचा थोरला) म्हणून मोठ्याबद्दल सांगते. भावंडं त्याला ‘दागं’ म्हणतात, मोठ्या बहिणीला ‘दाज्ये’. १९८० नंतर एकच मूल असण्याच्या धोरणामुळे शहरांतल्या बहुतेक घरांत असा क्रम लावण्याची वेळच आली नाही. २०१६ पासून दुसऱ्या मुलाला परवानगी मिळाली, तेव्हा ‘लाओदाला भावंड हवंय का’ हा आईबापांपुढचा खरा प्रश्न झाला.

विद्यापीठांच्या वसतिगृहांत हा क्रम टिकून होता. एका खोलीत चार, सहा किंवा आठ जण. जन्मतारखा ताडून पाहायच्या. दोन दिवसांनी मोठा असला तरी तो लाओदा. टोळीचा म्होरक्या, मासेमारी बोटीवरचा ‘च्वान लाओदा’ (तांडेल) यांच्या बाबतीत मात्र वय पाहत नाहीत. तिथे ज्याचा शब्द चालतो तो पहिला.

एक जपायला हवं : ‘लाओ-अर’ हा बोलीत पुरुषाच्या गुप्तांगासाठीही वापरतात. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला ‘अरगं’ म्हणावं.

प्रश्न : उच्चार नेमका कसा करायचा? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : ‘लाओ’ खालच्या पट्टीत, दबका ठेवा आणि तिथून ‘दा’ वरून खाली जोरात सोडा. आपल्याकडे ‘लाओ’ प्रश्न विचारल्यासारखा वर चढवतात, तिथेच चूक होते. चढत्या ‘लाओ’चा एक अर्थ तुरुंग. लिहिताना आपण ‘दा’ लिहितो, पण चिनीत हे व्यंजन घोष नसतं, म्हणजे उच्चारताना घसा थरथरत नाही. ऐकायला ते ‘ता’च्या जवळचं आहे, फक्त हवेचा झोत नको, नाहीतर ‘था’ होईल.