पहिल्या रेडला येण्याआधी

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममधल्या मोल्टन कोअरच्या रेडला (अनेकांनी मिळून करायच्या मोठ्या मोहिमेला) पहिल्यांदाच येतोयस ना? मग डॅमेज मीटरवर (कोण शत्रूला किती मार देतो त्या यादीत) वर दिसायचा नाद सध्या सोड. 40 जणांत तुझी पारख होणार ती बॅरन गेडन या बॉसपाशी (तिथल्या एका बड्या शत्रूपाशी). त्याचा लिव्हिंग बॉम्ब (थोड्या वेळाने फुटून आसपासच्यांनाही मारणारा मंत्र) अंगावर आला की हातातलं सगळं टाकून घोळक्यापासून लांब पळायचं. तो फुटेपर्यंतचे 8 सेकंद भरपूर असतात, पण 'एवढा एक फायरबॉल मारतो' म्हणणारे शेजारच्या हीलरना (जखमा भरणाऱ्या खेळाडूंना) घेऊन मरतात. (गेडनवर फायरबॉलसारखा आगीचा मंत्र चालतच नाही, हे आणखी वर!)

फायर प्रोटेक्शन पोशन (आगीपासून वाचवणारं औषध) आदल्या दिवशीच घेऊन ठेव. रेडच्या संध्याकाळी ऑक्शन हाऊसवाले (गेममधल्या लिलाव-बाजारातले विक्रेते) भाव चढवून बसतात. एका बॉसची लूट (त्याला मारल्यावर मिळणाऱ्या वस्तू) आठवड्यातून एकदाच, तेव्हा सुरुवातीला हात हलवत परतलास तरी तोंड पाडू नकोस. जमणार नसेल तर मात्र वेळेत कळव. बाकीचे 39 जण दारात ताटकळले की गिल्डमध्ये (आपल्या खेळाडूंच्या संघात) फार बोलणी बसतात.