टाचेच्या जखमेवर चांदीची पट्टी: भीती कशाची धरावी?

वडिलांना मधुमेह, टाचेला जखम, डॉक्टरांनी नॅनो सिल्व्हरची, म्हणजे चांदीच्या अतिबारीक कणांची, पट्टी लिहून दिली आणि तुम्हाला धास्ती की ही चांदी अंगात भिनेल. जळगाव जिल्ह्यात ड्रेसिंग करता करता माझी अठरा वर्षं गेली. केळीच्या बागेत राबणारे आजोबाही हेच विचारतात, ‘ताई, हाई चांदी आंगमा भिनी जाई का?’

थोडी भिनते. पण टाचेवरच्या लहान जखमेतून रक्तात जाणारी चांदी फारच कमी असते. 2006 साली 17 वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली. तो 30 टक्के भाजला होता. चांदीच्या पट्ट्यांनंतर त्याचा चेहरा करडा पडला, यकृताचे रिपोर्ट बिघडले. पट्ट्या काढल्यावर तो सावरला. एवढ्या मोठ्या जखमेची गोष्ट वेगळी.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ओलाव्याने पट्टीतल्या या बारीक कणांतून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटतात आणि जंतूंना मारतात. तेच आयन नव्या कातडीच्या पेशींनाही जाचतात. म्हणून जखमेत जंतू माजलेले असतील तोवर चांदी ठीक. दोन आठवड्यांनी ती हवीच का, हे डॉक्टरांना विचारा. लालचुटूक, स्वच्छ जखमेवर ती महिनोन्‌महिने बांधू नये. मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटानेही नुसती जखम भरावी म्हणून चांदी वापरू नका असंच सांगितलंय.

रावेरकडचे एक बाबा तीन महिने दुसरीकडे हीच महागडी पट्टी बांधून घेत होते. वैशाखात बांधावर अनवाणी चालताना तळपाय पोळला होता, पण पाय बधिर असल्याने त्यांना कळलंच नाही. साखर 300 च्या वर, आणि जखमी पायावरच रोज शेताची फेरी. आमच्या सर्जननी मेलेलं मांस काढलं, टाचेवरचा भार हटवला, साखर आटोक्यात आणली, तेव्हा कुठे जखम भरू लागली.

घरी पट्टी बदलणार असाल तर पाकीट नीट वाचा. काही पट्ट्या निर्जंतुक पाण्यानेच भिजवायच्या असतात. सलाइनमधलं, म्हणजे मिठाच्या पाण्यातलं, क्लोराइड चांदीला बांधून टाकतं आणि तिचा जोर कमी होतो. एमआरआय करायचा असेल तर पट्टीबद्दल आधी सांगा. कडेची कातडी करडी दिसली तर घाबरू नका, तो बहुधा चांदीचा डाग असतो. पण बोट काळं पडलं, घाण वास आला, ताप चढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का, हे उद्याच विचारा.